कर्जदार मुलूख आणि अडून बसलेला सावकार

परमुलखाच्या कर्जाची उठाठेव भंडारा जिल्ह्यातील कास्तकाराने, कोष्ट्याने किंवा कासाराने का करावी, असा प्रश्न हा मथळा वाचून पुष्कळांच्या मनात येईल. आपल्याच सोसायटीचा हप्ता थकलेला, धानाच्या चुकाऱ्याची वाट पाहून डोळे शिणलेले, आणि हे मास्तर झांबियाचे नि लंकेचे कर्ज सांगत बसले आहेत, असे कोणी म्हटले तर आम्हांस राग नाही. पण आमचे म्हणणे असे की, हा विषय आपल्याला जितका कळतो तितका तो मोठमोठ्या पदव्यांच्या लोकांसही कळत नाही. ज्या सावकारीत आज आफ्रिकेतील व आशियातील गरीब देश सापडले आहेत, ती सावकारी आपल्या आजा-पणजांनी अंगावर सोसली आहे. आणि तिच्यावरचा एक कायदेशीर तोडगाही याच आपल्या जुन्या मध्यप्रांतात करून पाहिला गेला आहे. तो तोडगा काय होता आणि तो आज कोणत्या कोर्टांत लागू व्हावा अशी मागणी चालली आहे, हे आम्ही येथे सांगणार आहोत.

आपल्या भागात बियाण्याचे धान सवाईने नाहीतर दिढीने मिळे. पेरणीच्या तोंडावर एक खंडी उचलली तर सुगीला सव्वा किंवा दीड खंडी मोजून द्यावी लागे, आणि मोजणारे माप बहुधा देणाऱ्याचेच असे. गावचा मालगुजार हाच पुष्कळदा सावकार असे. मोहाडी-पवनीकडच्या कोष्ट्याला सूत उधारीने मिळे, आणि विणलेले लुगडे ज्याचे सूत त्याच्याच दुकानी, त्याच्याच भावाने घालावे लागे. कोणाही कुळाचे कर्ज एकाच ठिकाणी नसे. थोडे मालगुजाराचे, थोडे कापडवाल्याचे, थोडे सोयऱ्याचे, थोडे सोसायटीचे, असे ते चार ठिकाणी विखुरलेले असे. येथेच खरी गोम आहे. समजा, एका कास्तकाराचे एक हजार रुपये देणे आहे. सालभर पाणी आले नाही, बांध्या कोरड्या राहिल्या. तीन धनको शहाणे निघाले. त्यांनी विचार केला की, हा माणूस बुडाला तर आपलेही बुडाले, त्यापेक्षा निम्म्यावर तोडावे आणि हप्ते बांधून द्यावे. पण चौथा म्हणाला, 'मी सोडीत नाही.' त्याने कोर्टात दावा लावला, हुकूमनामा मिळविला आणि खळ्यावरचे धान जप्त करविले. आता पहा, तिघांनी जे सोडले ते गेले कोठे? ते त्या कास्तकाराच्या चुलीपर्यंत पोचलेच नाही. ते सरळ चौथ्याच्या कोठारात गेले. तिघांनी केलेली दया चौथ्याने खाल्ली. पुढच्या वेळी ते तिघे तरी कशाला सोडतील?

१९२९ सालच्या मंदीनंतर धान-कापसाचे भाव कोसळले आणि कुळांची अशीच दैना झाली, तेव्हा मध्यप्रांतात १९३३ साली कर्ज-तडजोडीचा कायदा झाला. हिंदुस्थानात अशा धर्तीचा हा पहिला कायदा. त्याच्यामागून पंजाबने १९३४ साली, बंगालने १९३५ साली आणि मद्रासने १९३६ साली तसेच कायदे केले. म्हणजे या एका बाबतीत तरी आपला मागासलेला म्हणविला जाणारा प्रांत इतरांच्या पुढे होता! या कायद्याने ठिकठिकाणी कर्ज-तडजोड मंडळे नेमली. ऋणकोने मंडळाकडे अर्ज द्यावा, मंडळाने सगळ्या धनकोंस बोलवावे, कोणाचे किती खरे ते पहावे, ऋणकोची ऐपत पहावी आणि समेट घडवून आणावा. प्रकरण मंडळापुढे चालू असेतो दिवाणी कोर्टाने त्या कर्जाच्या दाव्यात हात घालू नये, असा बंदोबस्त होता.

पण मंडळाच्या हाती नुसती गोड वाणी दिली असती तर त्या चौथ्या सावकाराने ती ऐकून सोडून दिली असती. कायदा करणारांस हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी असे ठेवले की, कर्जाचा ठरावीक हिस्सा ज्यांचा आहे असे धनको राजी झाले आणि एखादा वाजवी देकारही झिडकारून अडून बसला, तर मंडळाने ऋणकोला तसा दाखला द्यावा. मग त्या अडेल सावकाराने खुशाल कोर्टात जावे. पण कोर्टाने त्याला दाव्याचा खर्च देऊ नये, दाखल्यानंतर शेकडा सहाहून अधिक सरळ व्याज देऊ नये, आणि राजी झालेल्यांचे हप्ते फिटल्यावाचून त्याच्या हुकूमनाम्याची बजावणी होऊ नये. किती साधी युक्ती आहे पहा. सावकाराचा पैसा कोणी लुटला नाही, त्याचे खत कोणी जाळले नाही. अडून बसण्यात जो नफा होता तेवढा काढून घेतला.

खत जाळण्याचा मार्गही आपल्या लोकांनी त्यापूर्वी पाहिला होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे ओढून काढून आगीत टाकले, आणि ती आग पुणे-नगरच्या गावोगाव पसरली. अमेरिकेतील यादवी युद्धाने १८६१ नंतर कापूस सोन्याच्या भावाने गेला, सावकाराने हात सैल सोडून कर्जे दिली, युद्ध संपले, भाव पडला आणि तोच सावकार फास आवळू लागला. यात पुणे जिल्ह्यातील कुणब्याचा काय अपराध होता? सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, ज्याने मुनसफाला खताच्या कागदामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला. तोवर कागदावर अंगठा आहे ना, मग झाले, असा न्याय चालत असे. तो कायदा आपल्याकडे लागू नव्हता. आपल्याला आणखी ५४ वर्षे थांबावे लागले.

आता देशाच्या कर्जाकडे वळू. देश तीन ठिकाणांहून कर्ज काढतो. एक, दुसऱ्या देशांच्या सरकारांकडून. दोन, जागतिक बँक व नाणेनिधी यांसारख्या संस्थांकडून. आणि तीन, खासगी सावकारांकडून, म्हणजे बड्या बँका आणि सरकारी रोखे विकत घेणाऱ्या पेढ्या यांच्याकडून. पहिले सोयऱ्याचे, दुसरे सोसायटीचे आणि तिसरे सावकाराचे असे समजावे, म्हणजे घोटाळा होणार नाही. सावकाराचे व्याज जबर, हे तेथेही खरेच. जागतिक बँकेच्या हिशोबाप्रमाणे २०२३ साली साऱ्या विकसनशील देशांनी मिळून मुद्दल व व्याजापोटी सुमारे १ लाख ४० हजार कोटी डॉलर भरले. त्यांपैकी नुसते व्याजच ४० हजार कोटी डॉलरच्या वर होते. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने २०२४ साली सांगितले की, ज्या देशांत शाळेवर किंवा दवाखान्यावर होणाऱ्या खर्चाहून व्याजाचा खर्च अधिक आहे, अशा देशांत ३३० कोटी माणसे राहतात. आम्ही पडलो शाळामास्तर. आमची नजर या वाक्यातील शाळेवर जाऊन खिळली, यात नवल नाही.

या खासगी रोख्यांचे दोन गुण वाचकांनी ध्यानात ठेवावे. पहिला असा की, ते विकता येतात. गावात जुने बुडीत खत एक सावकार दुसऱ्यास रुपयाला चार आण्यांनी विकी, आणि विकत घेणारा मात्र कुळाकडून सोळा आणे मागे, तशातलाच हा प्रकार. दुसरा गुण असा की, देश आफ्रिकेत असला तरी रोख्यावर कायदा बहुधा इंग्लंडचा नाहीतर न्यूयॉर्क राज्याचा लिहिलेला असतो. भांडण झाले की न्याय लंडनला किंवा न्यूयॉर्कला. साकोलीच्या कास्तकाराला नागपूरच्या कोर्टात खेटे घालणे किती महाग पडते, हे ज्याने अनुभवले आहे त्याने लुसाकाच्या सरकारची अवस्था मनात आणावी.

लुसाका ही झांबियाची राजधानी. या झांबियाची हकीकत मुद्दाम सांगण्याजोगी आहे, कारण ती ट्रॅक्टरची हकीकत आहे. १९७९ साली झांबियाने रुमानियाच्या सरकारकडून ट्रॅक्टर व शेतीची यंत्रे उधारीवर घेतली. कर्ज सुमारे दीड कोटी डॉलरचे. झांबियाची कमाई तांब्यावर. तांब्याचा भाव पडला की देशाची चूल थंड. कर्ज थकले आणि व्याजाने फुगले. १९९९ साली रुमानिया व झांबिया यांच्यात हे कर्ज थोडक्यात मिटविण्याची बोलणी चालू असता, डोनेगल इंटरनॅशनल नावाच्या एका खासगी कंपनीने मध्येच येऊन ते सुमारे ३३ लाख डॉलरला विकत घेतले. पुढे तिने लंडनच्या कोर्टात झांबियावर ५ कोटी ५० लाख डॉलरची फिर्याद लावली. २००७ साली कोर्टाने मागणी पूर्ण दिली नाही, पण सुमारे १ कोटी ५५ लाख डॉलर देवविले. ३३ लाखांचे दीड कोटी! आपल्याकडच्या दिढीवाल्याने हे ऐकले असते तर आपण उगाच बदनाम झालो असे तो म्हणाला असता. शिवाय हे पैसे कोठून आले? त्याच सुमारास जगातील इतर धनकोंनी झांबियाची मोठी कर्जे माफ केली होती, शाळा-दवाखाने चालावे म्हणून. त्या माफीतून मोकळा झालेला पैसाच ट्रॅक्टरच्या जुन्या खताच्या धन्याला गेला. अशा पेढ्यांस इंग्रजीत गिधाडे म्हणतात. गिधाड बिचारे मेलेले जनावर खाते. ही गिधाडे जिवंतावर बसतात.

झांबियाने नोव्हेंबर २०२० मध्ये पुन्हा हात टेकले. देणेकरी सरकारांशी समेट जून २०२३ मध्ये झाला. रोखेवाल्यांशी मात्र २०२४ साल उजाडून निम्मे सरेपर्यंत घासाघीस चालली. एकदा झालेला करार सरकारांनीच मोडून काढला, कारण रोखेवाले आपल्या वाट्याला पुरेसे सोडीत नव्हते, असे त्यांचे म्हणणे पडले. या साऱ्या काळात झांबियाच्या शेतकऱ्याने काय सोसले असेल, ते पोळ्याला बैल विकलेल्या माणसाला विचारावे.

झांबिया लांब वाटत असेल तर लंका पहा. लंका धान पिकविणारा देश, आपल्यासारखाच. २०२१ साली तेथील सरकारने रासायनिक खतावर एकाएकी बंदी घातली, धानाचे पीक घटले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बंदी उठवावी लागली. ही चूक सर्वस्वी त्या सरकारची होती आणि ती झाकण्याचे आम्हांस कारण नाही. पण खजिन्यात डॉलर उरले नव्हते, हे दुखणे त्याहून जुने होते. मार्च २०२२ मध्ये तेथील पश्चिम प्रांतात शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या, का, तर छपाईला कागद नाही! कागदाअभावी परीक्षा राहिली, हे वाचून आमच्यासारख्या मास्तराच्या अंगावर काटा आला. एप्रिल २०२२ मध्ये लंकेने परदेशी कर्ज फेडणे थांबविले. जूनमध्ये, सेंट किट्स-नेव्हिस या चिमुकल्या बेटांवर नोंदलेल्या हॅमिल्टन रिझर्व्ह नावाच्या एका बँकेने न्यूयॉर्कच्या कोर्टात लंकेवर दावा लावला. तिच्याजवळ २५ कोटी डॉलरहून अधिक किमतीचे रोखे होते.

आणि आता आपल्या घरची गोष्ट. त्याच २०२२ साली हिंदुस्थानने लंकेला सुमारे ४०० कोटी डॉलरची मदत केली. पुढे लंकेच्या धनको सरकारांची जी समिती बसली, तिचे अध्यक्षपद फ्रान्स व जपान यांच्याबरोबर हिंदुस्थानने सांभाळले, आणि जून २०२४ मध्ये फेडीची मुदत लांबविणारा समेट झाला. शेजाऱ्याला संकटात हात दिला, हे योग्यच झाले. पण हा पैसा कोणाचा? तुम्ही-आम्ही काडेपेटीवर आणि खताच्या गोणीवर जो कर भरतो त्याचा. आपण तीन शहाण्या धनकोंपैकी एक झालो. रोखेवाल्यांपैकी बहुतेक डिसेंबर २०२४ मध्ये राजी झाले, ही चांगली गोष्ट. पण जो राजी झाला नाही, त्याला राजी करण्याचा कायदा कोठे आहे? आपण सोडलेला वाटा उद्या त्याने कोर्टातून वसूल केला, तर भंडाऱ्याच्या कास्तकाराने दिलेला कर लंकेच्या शेतकऱ्याच्या उपयोगी न पडता बेटावरील पेढीच्या उपयोगी पडला, असे होणार नाही काय? म्हणून परमुलखाचा हा प्रश्न परमुलखाचा नाही, असे आम्ही म्हणतो.

नोव्हेंबर २०२० मध्ये वीस मोठ्या राष्ट्रांच्या मंडळाने एक सामाईक चौकट ठरविली. कर्ज-तडजोड मंडळाचेच हे जागतिक रूप म्हणावयाचे. ऋणको देशाने सरकारी धनकोंकडून जितकी सूट मिळविली तितकीच खासगी धनकोंकडून मागावी, असे तिच्यात लिहिले आहे. मागावी! न दिली तर? त्याचे उत्तर चौकटीत नाही. १९३३ सालच्या मंडळाजवळ दाखला होता, या चौकटीजवळ विनंतीअर्ज आहे.

दाखला कोण देऊ शकेल? ज्या मुलखाचा कायदा रोख्यावर लिहिला आहे, त्या मुलखाचे कायदेमंडळ. ते अशक्य आहे असे म्हणू नये, कारण एकदा ते झाले आहे. झांबियाच्या ट्रॅक्टरच्या निकालाने तेथील लोकांस लाज वाटली, चर्चच्या मंडळ्यांनी, मजुरांच्या संघांनी आणि साध्या गृहस्थांनी वर्षानुवर्षे सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या, आणि ब्रिटिश पार्लमेंटाने एप्रिल २०१० मध्ये गरीब देशांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला. अत्यंत कर्जबाजारी ठरलेल्या सुमारे ४० देशांच्या जुन्या कर्जापुरता तो आहे. इतरांनी मान्य केलेल्या सुटीच्या हिशोबाने जेवढे निघेल, त्याहून अधिक रक्कम कोणाही धनकोस इंग्लंडच्या कोर्टातून वसूल करता येणार नाही, असा त्याचा मतलब. बेल्जमने २०१५ साली आणि फ्रान्सने २०१६ साली आपापल्या परीने असल्या पेढ्यांना लगाम घातला. पण इंग्लंडचा कायदा नव्या कर्जांना लागत नाही. झांबियाच्या नव्या रोख्यांना तो लागला नाही, घानाला लागला नाही, आणि लंका तर त्याच्या यादीतच नाही. तो नव्या कर्जांपर्यंत वाढवावा अशी विधेयके तेथील खासगी सभासदांनी मांडली. न्यूयॉर्कच्या विधिमंडळातही २०२३ व २०२४ साली तशी विधेयके आली. २०२४ सालापर्यंत यांतील एकाचाही कायदा झाला नव्हता. पैसेवाल्यांचे वकील तेथे किती जोराने कामाला लागले असतील, हे निराळे सांगावयास नको.

कायदा करा म्हणताना तो कसा करू नये, हेही सांगितले पाहिजे, आणि त्याचा दाखला आपल्या शेजारच्या वऱ्हाडाशी निगडित आहे. १७९७ साली ब्रिटिश पार्लमेंटाने असा कायदा केला होता की, कोणाही ब्रिटिश प्रजाजनाने येथील राजेरजवाड्यांस परवानगीवाचून कर्ज देऊ नये. कायदा उत्तम होता. पण 'परवानगीवाचून' या एका शब्दात दार उघडे राहिले. हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी नावाची पेढी होती. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याने १८१६ साली तिला ती परवानगी देऊन टाकली. पेढीचा एक भागीदार या लाटसाहेबाच्या घरोब्यातला होता, हे जाता जाता सांगितले पाहिजे. मग काय विचारता! दिवाण चंदुलालाच्या कारभारात निजामाच्या नावाने कर्जावर कर्ज चढले. १८२० साली तर एकदम ६० लाखांचे नवे कर्ज उभे राहिले. रेसिडेंट मेटकाफ याने तो घोटाळा उघडकीस आणला आणि अखेर कंपनी सरकारने आपल्याकडून निजामाला दरसाल मिळावयाची सुमारे सात लाखांची पेशकश कायमची बुडवून पेढीचे देणे वारले. राज्याचा वसूल गेला, सावकार सुटला. पुढे निजामाच्या फौजेच्या खर्चाचे देणे खुद्द कंपनी सरकारकडे थकले, आणि २१ मे १८५३ च्या तहाने सारे वऱ्हाड त्यापोटी कंपनीच्या ताब्यात गेले. कर्ज काढले हैदराबादेत, खर्च झाला फौजेवर, आणि गहाण पडला अकोल्या-अमरावतीचा कुणबी. त्याला कोणी विचारले होते काय? तेव्हा लंडनला किंवा न्यूयॉर्कला जो कायदा व्हावयाचा, त्यात कोणा अंमलदाराच्या मर्जीने उघडणारे दार नसावे.

या मागणीवर जे आक्षेप येतात त्यांत एक खरोखर वजनदार आहे. सावकाराला अडविले तर पुढे कर्ज कोण देईल? आपल्या प्रांतात १९३३ नंतर सावकारांनी हात आखडता घेतला, अडल्या वेळी कुळांची पंचाईत झाली, ही गोष्ट लपवून चालणार नाही. पण त्याचे उत्तर स्वस्त पतपेढ्या काढणे हे आहे. कुळाला पुन्हा त्याच चौथ्याच्या दारी लोटणे हे नव्हे. इंग्लंडचा २०१० चा कायदा प्रथम एका वर्षापुरता होता. वर्षभर पाहून, काही आकाश कोसळत नाही अशी खात्री झाल्यावर, तेथील नव्या सरकारने २०११ साली तो कायमचा केला. शिवाय, तीन धनकोंस ठाऊक असेल की चौथा आपल्यावर बाजी मारू शकत नाही, तर ते अधिक लवकर राजी होतील. लवकर समेट झाला तर ऋणकोही लवकर पायावर उभा राहील, हा फायदा धनकोंचाच आहे.

दुसरा आक्षेप असा की, त्या देशांचे राज्यकर्तेच उधळे व लाचखाऊ आहेत. असतील. मोझांबिकमध्ये २०१३-१४ साली तीन सरकारी कंपन्यांच्या नावाने सुमारे २०० कोटी डॉलर काढले गेले, त्यांची हमी तेथील पार्लमेंटापासून लपविली गेली आणि २०१६ साली बिंग फुटले. गावाला न विचारता पाटलाने गावठाणावर कर्ज काढावे तसे हे झाले. पण तेथे पैसे पुढे करणाऱ्या युरोपातल्या नामांकित बँका होत्या. लाच घेणाऱ्याबरोबर डोळे मिटून कर्ज देणाराही पकडला पाहिजे. चोरीचा माल घेणाऱ्याला आपल्याकडे कोणी साव म्हणत नाही.

घरचेही थोडे बोलू. महाराष्ट्राच्या २०१४ सालच्या सावकारी कायद्याने मुद्दलाहून अधिक व्याज घेण्यास बंदी आहे, आणि कर्जापोटी बळकावलेली जमीन १५ वर्षांच्या आतली असेल तर जिल्हा निबंधकास ती परत देवविता येते. ज्यांचे सात-बारे असे अडकले आहेत, त्यांनी त्याचा उपयोग करावा. पण रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या खासगी वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला; आणि त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने लहान कर्जांवरील व्याजाची कमाल मर्यादा काढून टाकली. आमच्या शाळेतील किती मुलींच्या आया धान कापणीचा खाडा करून हप्त्याच्या बैठकीला जातात, ते आम्ही दर आठवड्यास पाहतो. एकीचे तीन ठिकाणी हप्ते असतात, आणि तीन कंपन्यांस एकत्र बसवून समेट घडविणारे मंडळ आज गावात नाही. १९३३ साली होते, आज नाही! हा विषय मोठा आहे, त्यावर आम्ही स्वतंत्र लिहू.

आता करावयाचे काय, ते सांगून लेखणी ठेवतो. आपल्या गावांची मुले आता लंडनलाही नोकऱ्या करतात. पुष्कळांस ठाऊक नसेल, पण राष्ट्रकुलातील देशाचा नागरिक म्हणून, तेथे कायदेशीर राहणाऱ्या हिंदी माणसाला ब्रिटिश पार्लमेंटाच्या निवडणुकीत मत देता येते. ज्याचा पुतण्या, भाचा, जावई तेथे असेल त्याने त्याला सांगावे की, बाबा, मतदारयादीत नाव घाल आणि तुझ्या भागाच्या सभासदाला एक पत्र लिही. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभे आहे. तेथे गणपतीला जमणाऱ्यांनी एक संध्याकाळ या कामाला दिली तर गणपती रागावणार नाही. आणि येथे, आपल्या ग्रामसभा १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी व १ मे या दिवशी भरतात. त्यांत नळ, गटार व घरकुल यांच्या जोडीला एक ठराव मांडावा. तो असा असावा:

'ही ग्रामसभा केंद्र सरकारास विनंती करते की, शेजारच्या व इतर गरीब देशांस हिंदुस्थानने दिलेली कर्जाची सूट खासगी सावकारांच्या हाती जाऊ नये, यासाठी ब्रिटन व न्यूयॉर्क येथील कायदेमंडळांनी अडून बसणाऱ्या धनकोस इतरांहून अधिक वसूल करता येणार नाही असा कायदा करावा, अशी मागणी हिंदुस्थानने वीस राष्ट्रांच्या मंडळात उघडपणे करावी. तसेच खासगी वित्त कंपन्यांच्या कर्जासाठी १९३३ सालच्या धर्तीवर तालुकावार तडजोड मंडळे नेमावी.'

ठराव मराठीतच असावा, आणि बायांच्या सह्या-अंगठे त्यावर आधी घ्यावे, कारण हप्त्याच्या बैठकीला त्याच जातात. ग्रामपंचायतीच्या दप्तरातून नक्कल घेऊन ती खासदाराकडे टपालाने पाठवावी आणि पोच मागून घ्यावी. पोच आली नाही, तर दुसरी नक्कल पाठवावी.